खिसे रिकामे करून आत यावे

आमचे घरमालक स्वतःच्याच स्वयंपाकघरात जाताना आधी खिसे रिकामे करत. दाराबाहेर स्टुलावर एक पितळी ताट असे. त्यात किल्ल्या, सुटी नाणी, कंगवा, मोबाइल असं एकेक काढून ठेवायचं, मनगटावरचं घड्याळ उतरवायचं, चपला सोडायच्या आणि मग दारातल्या फरशीवर ऑइलपेंटने ओढलेली तांबडी रेघ ओलांडून आत पाऊल टाकायचं. आत जाऊन करायचा असे तो चहा. फार तर मुगाची खिचडी. पण एकूण आविर्भाव असा, की पलीकडे काहीतरी झोपलेलं आहे आणि ते जागं होता कामा नये.

मी घर बघायला गेले तेव्हा त्यांनी चहा विचारला आणि मी भोळेपणाने त्यांच्या मागोमाग निघाले.

"पर्स बाहेर," ते म्हणाले.

"का?"

"आत पर्सचं काही काम आहे?"

मी पर्स ताटात ठेवली आणि मनात म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहे, पण वरचा मजला हवेशीर आहे आणि शाळा पायी जाण्यासारखी आहे. वारज्यात असं घर सहजी मिळत नव्हतं. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूसही त्या ताटापाशी थांबून काडेपेटी, तंबाखूची पुडी काढून ठेवतो, हे मला नंतर कळलं. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "सवय झालीय ताई. आता दुसऱ्यांच्या घरातपण हात खिशात जातो."

त्यांची नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. सगळी हयात त्यांनी दारू भरायच्या शेडमध्ये काढली आणि तिथूनच फोरमन म्हणून निवृत्त झाले. शेडच्या दारात तांबडी रेघ असे. बाहेरचे बूट रेघेबाहेर, आतले बूट आत. खिशात काडी नको, किल्ली नको, नाणंसुद्धा नको. एक ठिणगी उडाली की पुढचं सांगायला कोणी उरत नाही. नवीन माणूस त्यांना हटकून विचारी, "मग तुमच्या शेडमध्ये कधी काही झालं का हो?"

"काही नाही."

विचारणारा हिरमुसला होई. मग ते सांगत, "काही झालं नाही, तेच तर काम होतं. पगार त्याचाच मिळत होता."

गेटवरच्या झडतीच्या गोष्टी ते रंगवून सांगत. झडती रोज, सगळ्यांची. त्यांच्यासारख्या फोरमनची झडतीसुद्धा त्यांच्याहून कितीतरी खालचा माणूस घेई, आणि त्याला तोंड वर करून बोलायचं नाही. साहेबलोक तर कधी कधी मुद्दाम एखादी काडी बंडीत लपवून जात. झडतीवाला जागा आहे का, हे बघायला. काडी सापडली की साहेब त्याची पाठ थोपटायचे. नाही सापडली तर त्याचं काय व्हायचं ते घरमालकांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्या बायकोला, काकूंना, मी पाहिलं नाही. आम्ही राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. पण घरात त्यांचं राज्य चालूच होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांचा देव्हारा होता. लग्नानंतर घरमालकांनी पहिल्यांदा रेघ ओढली, तेव्हा काकूंनी एकच अट घातली होती म्हणे. रेघ ओढा, ताट ठेवा, काय वाटेल ते करा, पण देवांना तुमचे नियम लावायचे नाहीत. तो विभाग त्यांचा. त्यानंतर यांनी त्या कोपऱ्यात कधी नाक खुपसलं नाही. काकू गेल्यावर मात्र पूजा ते स्वतः करू लागले, अगदी काकू करत तशी. रोज फुलं, दर सोमवारी बाळकृष्णाला दुधाचा अभिषेक, नव्या पदार्थाचा आधी नैवेद्य.

"तुम्ही देव मानता?" मी एकदा विचारलं.

"देव आहे का नाही, याची मला माहिती नाही. तिची ड्यूटी होती. बदली माणूस म्हणून मी लागलोय."

आता माझ्या मुलीचं सांगते. ओवीला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही, पोट बिघडतं, ती वेगळी. ही जीव घेणारी. एक चमचा श्रीखंडाने ती दीड वर्षाची असताना निळी पडली होती. तेव्हापासून मी भीतीच्या सोबतीने राहते. माझा नवरा नोकरीसाठी मस्कतला होता, त्यामुळे ही सोबत मला एकटीलाच निभवावी लागे. दूध कुठे कुठे असतं हे लोकांना माहीत नसतं. बिस्किटात असतं, पावात असतं, कणीक दुधात भिजवणाऱ्या हौशी बायका असतात. बर्फी कापून त्याच हाताने मुलाला फुटाणे देणारे आजोबा असतात. लग्नाच्या पंगतीत मी ओवीच्या पानावर दोन्ही हात आडवे धरून बसायचे, कारण वाढपी मागून येऊन वरणभातावर तूप सोडून जातो आणि त्याला ते पुण्य वाटतं.

आणि हे कोणाला सांगून पटत नाही. शेजारी दूधडेअरीवाल्या मावशी होत्या, मूळच्या वारजे गावातल्याच. मनाने फार चांगल्या. त्या म्हणायच्या, "येवढंसं तूप, त्यात कसलं आलंय दूध? आमची पोरं म्हशीखाली वाढली, कुणाला काय बी झालं न्हाय." माझ्या सासूबाईंचंही हेच मत होतं, फक्त शुद्ध मराठीत.

घर पक्कं करताना मी घरमालकांना ओवीचं सांगितलं. नेहमीच्या उपदेशाची तयारी ठेवूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पुरतं?"

"थेंबसुद्धा."

"किती वेळात?"

"काही मिनिटांत."

"आणि मग काय करायचं?"

मी इंजेक्शनची डबी दाखवली. औषधाची काचेची कुपी, सुई, कापूस. मांडीत द्यायचं, कपड्यावरून दिलं तरी चालतं आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. त्यांनी मान हलवली. पुरावा न मागता माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. मी वरच्या रिकाम्या मजल्यावर गेले, दार लावलं आणि रडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातलं दूध बंद केलं आणि स्वतः कोरा चहा प्यायला लागले. डबीचा एक जादा संच माझ्याकडून मागून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, ताटाच्या वर, एका खुंटीला लाल पिशवीत टांगला. "आग विझवायची बादली दारात असते. आत ठेवली तर आत जाणार कोण?" हे त्याचं कारण. मग दोन मोसंबी आणून त्यांनी माझ्याकडून सुई टोचण्याचा सराव करून घेतला. माझ्या हाताला कंप होता. त्यांच्या नव्हता.

मी हिंजवडीच्या ऑफिसातून संध्याकाळी परतेपर्यंत ओवी त्यांच्याकडे असे. ते तिला अहो-जाहो करत. सात वर्षांच्या मुलीला, "आपण आज गृहपाठ करणार आहात की नुसतंच छताकडे बघणार आहात?" ओवीला त्यात काही विशेष वाटत नसे. तीही रेघेपाशी थांबून फ्रॉकचा खिसा उलटा करून दाखवी. त्यातून खडूचे तुकडे आणि चिंचोके निघत. दोघंही हे गंभीरपणे करत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "झालं नाही म्हणजे होत नाही, असं नव्हे." रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, लिफ्टमध्ये शिरताना ते हे म्हणत. लोक हसत. मी हसत नसे. आपल्याइतकाच घाबरट माणूस खालच्या मजल्यावर आहे, या आधारावर मी शांत झोपत होते.

हॉट चॉकलेटचं प्रकरण सुरू झालं ते वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसावरून. कर्वे रस्त्यावरच्या कुठल्याशा कॅफेत सगळ्या मुलांना हॉट चॉकलेट मिळालं. ओवी आपल्या डब्यातला चिवडा खात आणि बाटलीतलं पाणी पीत बसली होती. तिने तक्रार केली नाही. ती कधीच करत नसे, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटे. घरी आल्यावर तिने खालच्या आजोबांना विचारलं, "हॉट चॉकलेट कसं लागतं?"

"मला ठाऊक नाही. मी प्यायलेलो नाही."

"मीपण नाही."

"मग आपण करून बघू," ते म्हणाले.

मी नको म्हटलं. चॉकलेट म्हणजे दुधाचं माहेर. पण ते कामाला लागले होते आणि कामाला लागलेल्या माणसाला थांबवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. आधी दूध कशाचं, हा प्रश्न. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून पाहिलं. ओवीने नाक धरलं. ओट्सचं केलं, ते चिकट झालं. "हे पिण्याचं नाही, पतंगाच्या मांज्याला लावण्याचं आहे," असा शेरा मारून ते त्यांनी कुंडीत ओतलं. नारळाचं दूध बरं होतं, पण जास्त उकळलं की फाटायचं. शेवटी जमलं ते असं. काजू रात्रभर भिजवून गंधासारखे वाटायचे, त्यात नारळाचं पातळ दूध घालायचं, दाटपणाला चमचाभर नाचणीचं पीठ आधी गार पाण्यात कालवून. कोको वेगळा, गरम पाण्यात घोटून. गूळ अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. आणि जायफळ, नखावर मावेल एवढं.

त्यासाठी नवं पातेलं, नवी गाळणी, नवा पळा आणला. कोकोसाठी मला घेऊन ते रविवार पेठेत गेले. दुकानात पोत्यांतून, डब्यांतून सुटा माल मांडलेला. दुकानदार एका डब्यातून कोको काढून देणार, तेवढ्यात त्यांनी त्याचा हात हवेतच थांबवला.

"हा डाव कशाकशात जातो?"

"म्हणजे?"

"शेजारी मिल्क पावडरचा डबा आहे. त्यात हाच डाव जातो का?"

"जातो कधीतरी. धुतलेला असतो हो."

"कधी धुतला?"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, कोको पाहिजे का साक्ष?"

"साक्ष मिळाली तर कोको घेऊ," ते म्हणाले आणि बाहेर पडले. पुढे त्यांनी बंद डब्यांवरचं बारीक छापलेलं वाचायला भिंग नेलं. 'दुधाचे अंश असू शकतात' असं एका डब्यावर दिसलं, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी उचलून परत ठेवला. कंपनीला फोन केला, ई-मेल करवले. शेवटी एका डब्यावर समाधान झालं. मी तेव्हा मनातून सैलावले. एवढं बघणारा माणूस आहे म्हटल्यावर मी बघण्याचं थोडं कमी केलं.

तो सोमवार होता. मी घरूनच काम करत होते. चारच्या सुमारास ओवी धावत वर आली. "आई, झालं. चल."

मी खाली गेले, मोबाइल ताटात ठेवला, रेघ ओलांडली. स्वयंपाकघरात असा वास सुटला होता की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी ओवीच्या स्टीलच्या पेल्यात चॉकलेट ओतलं. तिने हात पुढे केला.

"थांबा. पहिलंच आहे. आधी देवाला."

पेला देव्हाऱ्यापुढे ठेवला गेला. त्यांनी भोवती पाणी फिरवलं. देवांपुढच्या वाटीतलं तुळशीचं पान उचलून चॉकलेटवर ठेवलं. डोळे मिटले. ओवीने हात जोडले. मीही जोडले. मग पान काढून बाजूला ठेवलं आणि पेला तिच्या हातात दिला.

तिने दोन घोट घेतले. वरच्या ओठाला तपकिरी मिशी आली. आमच्याकडे बघून हसली. तिसरा घोट घेतला. मग तिने पेला खाली ठेवला आणि जीभ दातांवर घासली.

"आई, जीभ टोचतेय."

आईला काही गोष्टी ऐकू येण्याआधीच कळतात असं म्हणतात. तसं काही नसतं. मला ऐकू आलं, कळलंही, पण मी जागची हलले नाही. एवढी तयारी केलेली असताना हे होऊच शकत नाही, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. ओवी खोकली. पुन्हा खोकली. मानेवर लाल चट्टे उठले, बघता बघता गालापर्यंत गेले. ती "आई" म्हणाली, तर आवाज तिचा नव्हता. घोगरा, दुसऱ्याच कोणाचा.

"पिशवी," ते म्हणाले आणि त्यांनीच ती खुंटीवरून ओढली. मला कुपी फोडता येईना. काच बोटांतून निसटत होती. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, एका झटक्यात मान मोडली, औषध सुईत ओढून सुई मला दिली. "मोसंबं आहे," एवढंच म्हणाले. मी ओवीच्या मांडीत, फ्रॉकवरूनच, सुई घातली.

अंगणात मावशी धावत आल्या होत्या. "बसा, बसा, टेम्पो काढते." त्यांचा दुधाचा टेम्पो. मागे कॅन होते, आंबूस वास येत होता. त्या बिचारीने दार उघडूनही धरलं. मी चढणार होते, देवाशपथ चढणार होते. घरमालकांनी माझा दंड धरला. "त्यात नाही." आणि दोन्ही हात पसरून ते रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. एक रिक्षा ब्रेक दाबत त्यांच्या गुडघ्यापाशी थांबली.

हायवेलगतच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवते ती ओवीची छाती. वर खाली, वर खाली. प्रत्येक वेळी खाली गेली की पुन्हा वर येते का, हे मी बघत होते. सिग्नलला ते रिक्षातून उतरून पुढच्या गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत वाट करत होते. लोक शिव्या देत होते. आम्ही पोचलो. तिला आत नेलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शन वेळेवर पडलं, आता धोका नाही, रात्रभर ठेवू. तेव्हा मी पहिल्यांदा घरमालकांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते. अनवाणी. चपला रेघेबाहेर राहिल्या होत्या.

मग बाकावर बसून ते पुटपुटू लागले. उलटे मागे जात होते. "पेला तिचाच. पळा नवा. पातेलं नवं. गाळणी नवी. कोको बंद डब्यातला. काजू मी निवडले. नारळ मी फोडला. गूळ..." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. आणि एकदम थांबले.

"पान," ते म्हणाले.

"कसलं पान?"

"तुळशीचं. सकाळी अभिषेक झाला. देवापुरतं वाटीभर दूध आणलं होतं. पान त्याच वाटीत होतं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी त्या हॉस्पिटलच्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांना बोलले. म्हटलं, तुमच्या देवाला दूध लागतं, माझ्या मुलीला श्वास लागतो. पूजेचं दूध म्हणजे दूध नाही का? भिंग घेऊन डबे वाचत होतात ना? रागापेक्षा त्यात भीतीच जास्त होती, पण ती बाहेर पडली रागाच्याच तोंडाने.

"बरोबर आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळ्या नोकरीत झालं नाही, ते इथं झालं."

ओवी घरी आली, पण भीती घेऊन आली. माझी भीती तिला आजवर माहीत नव्हती, मी ती तिच्यापासून लपवून ठेवली होती. आता तिला तिची स्वतःची मिळाली. माझ्या हातचा मऊभात सोडून ती काही खाईना. पाणी प्यायच्या आधी हुंगायची. घास घेतला की जीभ दातांवर घासत बसायची. मी कितीही सांगितलं तरी, "नक्की?" विचारायची. मी "नक्की" म्हणायचे आणि माझ्याच आवाजावर माझा विश्वास नसायचा. तिचे फ्रॉक सैल व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, मनातून जायला वेळ लागेल. किती वेळ, ते सांगितलं नाही.

खाली शांतता होती. जिना उतरताना एकदा आत डोकावले, तर तांबडी रेघ नव्हती. टर्पेंटाइनने घासून काढली होती, फरशीवर फिकट पट्टा उरला होता. ताटही नव्हतं. ते खुर्चीत बसले होते. मी दुसरं घर बघायला लागले होते, आणि ते त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

मग एका रविवारी दुपारी खालून ठोकाठोकीचे आवाज आले. बराच वेळ चालले. संध्याकाळी ते वर आले, दाराबाहेर उभे राहिले. आमच्याकडे येताना त्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं, "येऊ का?"

ओवी माझ्या मागे सरकली. ते दारातच खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"ओवीताई, मला एक झडतीवाला पाहिजे. आपण याल का?"

तिने माझ्या मागून डोकं बाहेर काढलं.

"चूक कुठे झाली ते सांगतो. मी सगळ्यांचे खिसे बघत होतो. आईचे, गॅसवाल्याचे, आपले. माझे कोणी बघितले नाहीत. कारखान्यात माझीसुद्धा झडती होत होती. इथं कोणी नव्हतं."

"देवबाप्पा आत आहेत?" ओवीने विचारलं.

"नाहीत. देव्हारा बाहेरच्या खोलीत हलवला. आत्ताच."

"आजी रागावेल."

"रागावेल," ते म्हणाले. "मी ऐकून घेईन. आपल्याला भीती वाटते ना?"

तिने मान हलवली.

"मलाही वाटते. फार वाटते. घाबरत घाबरतच करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली गेलो. रेघ नव्याने ओढली होती, रंगाचा वास अजून येत होता. ताट परत स्टुलावर होतं, लाल पिशवी खुंटीवर. ते रेघेबाहेर दोन्ही हात वर करून उभे राहिले. ओवीने झडती घेतली. आधी नुसतीच, भीत भीत. मग नीट. सदऱ्याचे खिसे. पायजम्याचे खिसे. हात हुंगले. नखं बघितली. "वाका," म्हणाली, ते वाकले. तिने सदऱ्याच्या गळ्यातून हात घालून बंडी चाचपली आणि तिचा हात थांबला.

बंडीच्या आतल्या खिशातून तिने कागदाची एक चुरगळलेली पुडी काढली. उघडली. पेढा होता. सकाळी मावशींच्या नातवाचा निकाल लागला होता, त्या गल्लीभर पेढे वाटत होत्या.

ओवी पुडीकडे बघत होती, मग तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"शाबास," ते म्हणाले. "मुद्दाम ठेवला होता. झडतीवाला जागा आहे का, ते बघायला. पास झालात आपण."

ओवीचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तिने पुडी हात लांब करून धरली, अंगणात नेऊन मावशींच्या कुत्र्याला घातली, साबणाने हात धुतले आणि परत येऊन फर्मावलं, "आता आंघोळ करून या. दुसरे कपडे घालून या." ते निमूट गेले. ती खुश होती. मी मात्र त्यांचा चेहरा पाहिला होता. परीक्षा घेणाऱ्या माणसाचा चेहरा तसा पांढरा पडत नाही. हात खाली आणल्यावर त्यांनी दाराची चौकट धरली होती.

त्या दिवशी चॉकलेट ओवीने ढवळलं. प्रत्येक वस्तू तिने हुंगली, विचारली, मग आत घेतली. पेला भरल्यावर तिने पहिला घोट घेतला. मी तिचे ओठ बघत होते, ते तिची मान बघत होते, ती आमच्याकडे बघत होती. पातेल्यातली वाफ निवली. मग ती म्हणाली, "जायफळ जास्त झालंय," आणि पुढचा घोट घेतला.

पुढे आम्ही तिथेच राहिलो, ते असेपर्यंत. ओवी ती गोष्ट मैत्रिणींना सांगायची, आजोबांनी पेढा लपवून माझी कशी परीक्षा घेतली ते. ते बाजूला बसलेले असले तर मान डोलवायचे. मी एकदा जिन्यात, ओवी शाळेत असताना, त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "काका, तो पेढा खरंच मुद्दाम ठेवला होता?"

त्यांनी कठडा धरला.

"तिला तसंच वाटू द्या," ते म्हणाले. "पण तुम्हीसुद्धा माझे खिसे बघत जा."

त्या संध्याकाळपासून ओवीची झडती संपली की ते हात खाली घेत नसत. मी पुढे होई आणि पुन्हा पहिल्यापासून बघे.